सर बार्टल फ्रियर आणि मुंबईचा तट

जें शहर बंदराच्या जोरावर वाढतें, त्या शहराचा पहिला धनी बहुधा व्यापारी नसून शिपाई असतो. जेथें जहाज सुरक्षित राहतें, तेथेंच तोफ चांगली बसते. म्हणून किनाऱ्याची उत्तम जागा प्रथम लष्कर घेतें आणि तिच्याभोंवतीं तट घालतें. तटाच्या आश्रयानें पेढ्या व वखारी उभ्या राहतात, शहराची वाढ होते, आणि शेवटीं असा दिवस येतो कीं ज्या तटानें व्यापारास आसरा दिला तोच तट व्यापाराचा गळा आवळूं लागतो. तेव्हां वाद सुरू होतो. त्या वादांत तीन प्रश्न असतात. तट पाडला तर संरक्षणाची जबाबदारी कोणावर? जमीन विकली तर पैसा कोणत्या खजिन्यांत? आणि मोकळी झालेली जमीन व किनारा कोणाच्या हातीं? पहिल्या दोन प्रश्नांवर सरकारी दप्तरांत कागदांचे ढीग पडतात. तिसरा प्रश्न लोकांचा असतो, आणि लोकांनीं तो वेळेवर विचारला नाहीं तर त्याचें उत्तर दुसराच कोणी देऊन मोकळा होतो.

हा धडा आमच्या शहरास ज्यांच्या कारकीर्दींत मिळाला, त्या सर बार्टल फ्रियर यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों. ते परक्या सत्तेचे अधिकारी होते. त्यांची आरती ओवाळण्याचा आमचा हेतु नाहीं, आणि केवळ परके म्हणून त्यांच्या कर्तबगारीवर पडदा टाकणेंहि न्यायाचें होणार नाहीं. गुण आणि दोष दोन्हीं तोलून पाहिले तरच अशा चरित्रापासून कांहीं शिकतां येतें.

हेन्री बार्टल एडवर्ड फ्रियर यांचा जन्म २९ मार्च १८१५ रोजीं वेल्स प्रांतांत झाला. ईस्ट इंडिया कंपनीचे मुलकी अधिकारी तयार करणाऱ्या हेलिबरी येथील कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें, आणि १८३४ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, ते मुंबईस आले. पहिलीं वर्षें पुण्याकडे शेतसाऱ्याच्या कामांत गेलीं. १८४२ सालीं ते गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांचे खासगी चिटणीस झाले व दोन वर्षांनीं त्यांचेच जांवई झाले. पुढें साताऱ्याच्या दरबारीं रेसिडेंट म्हणून त्यांची नेमणूक झाली.

साताऱ्याचें प्रकरण महाराष्ट्रास विसरतां येण्यासारखें नाहीं. एप्रिल १८४८ मध्यें छत्रपति शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले. त्यांनीं अंतकाळीं दत्तक घेतला होता. तो दत्तक कबूल करावा, राज्य खालसा करूं नये, असें मत फ्रियर यांनीं वरिष्ठांस कळविलें. लॉर्ड डलहौसी यांनीं तें मानलें नाहीं आणि राज्य खालसा झालें. पण ज्या अधिकाऱ्यानें खालसा करूं नये म्हणून लिहिलें, त्याच अधिकाऱ्यानें पुढें कमिशनर होऊन त्या राज्याचा कारभार हातीं घेतला. फ्रियर यांचा स्वभाव येथें दिसतो. न्याय कोणता हें त्यांस कळत असे व तें लिहून ठेवण्याचें धैर्यहि त्यांच्यांत होतें. परंतु सत्तेचा गाडा एकदां चालूं लागला म्हणजे त्याच्या पुढें न राहतां ते त्याच्यावर जाऊन बसत.

१८५० सालीं ते सिंधचे कमिशनर झाले आणि १८५९ पर्यंत तेथें राहिले. इंग्रजांनीं कराची घेतली ती १८३९ सालीं, मनोऱ्याच्या किल्ल्यावर तोफा डागून. म्हणून तें गांव त्यांच्या हिशेबीं आरंभीं लष्कराचा तळ होतें. बंदराच्या तोंडाशीं वाळूचा बांध असल्यामुळें मोठीं जहाजें आंत येऊं शकणार नाहींत, असें जाणत्यांपैकीं कित्येकांचें मत होतें. फ्रियर यांनीं ही समजूत मानली नाहीं. पंजाबचा गहूं व सिंधचा माल समुद्रास नेणारें हेंच दार आहे, असें धरून त्यांनीं बंदराच्या मोजण्या करविल्या, आराखडे मागविले आणि वरिष्ठांकडे सारखा पाठपुरावा चालविला. त्यांच्याच कारकीर्दींत कराचीहून कोटरीकडे जाणाऱ्या लोहमार्गास आरंभ झाला, आणि तो १८६१ सालीं सुरू झाला. बंदराचीं कामें १८६० मध्यें सुरू होऊन १८६६ मध्यें बंद पडलीं. पुन्हां हातीं घेतल्यावर मनोऱ्याचा लाटा अडविणारा बांध १८७३ सालीं पुरा झाला. लष्करी तळाचें व्यापारी बंदर कसें करावें याचें पहिलें शिक्षण फ्रियर यांस तेथें मिळालें.

कलकत्त्यास गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलांत कांहीं काळ काम करून १८६२ च्या एप्रिलमध्यें ते मुंबईचे गव्हर्नर झाले. त्या वेळची मुंबई कशी होती हें आजच्या वाचकास सांगितलें पाहिजे. शहराचा कोट अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत बांधूं लागले. त्याला अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट असे तीन दरवाजे होते. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली तेव्हां इंग्रजांस धाक पडला आणि कोटाभोंवतीं खंदक खणण्यांत आला. १८०३ च्या फेब्रुवारींत कोटांत भयंकर आग लागली. त्यानंतर तटाबाहेरचें मैदान अधिक रुंद करण्यांत आलें. तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून त्या मैदानावर कायमचें घर बांधण्याची मनाई होती. उन्हाळ्यापुरते तंबू व बंगले उभारावे आणि पावसाळ्यापूर्वीं मोडून टाकावे, असा परिपाठ होता.

ज्या मराठी आरमाराच्या व फौजेच्या भयानें हें सर्व केलें, तें भय १८१८ सालींच संपलें होतें. पण तट मात्र तसाच उभा राहिला. आंत गल्ल्या अरुंद, घरांस घर लागलेलें, खंदकांत घाण सांचलेली. रात्रीं दरवाजे मिटत. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी सुरू झाली, आणि २१ एप्रिल १८६३ रोजीं खुद्द फ्रियर यांच्या हस्तें बोरघाटाचा मार्ग खुला झाला. आतां देशावरचा कापूस थेट मुंबईंत उतरूं लागला. पण स्टेशन तटाबाहेर आणि पेढ्या तटाच्या आंत, अशा स्थितींत बैलगाड्यांची रांग दरवाजांपाशीं अडून राहावी यांत नवल नव्हतें. घाट फोडून रेल्वे आली. जुनाट भिंतीनें मात्र तिला गांवांत अडविलें.

तट काढण्याची मागणी फ्रियर यांच्यापूर्वीं कित्येक वर्षें चालली होती. लष्करी खात्याची अडचण अगदींच खोटी होती असें म्हणतां येणार नाहीं. १८५७ चें स्मरण ताजें होतें. युरोपांतील आरमारांचीं जहाजें वाफेवर चालूं लागलीं होतीं. गोऱ्या वस्तीस संकटकाळीं आसरा कोठें, असा त्यांचा प्रश्न होता. परंतु नव्या तोफांपुढें ही जुनी भिंत टिकणार नाहीं, हें लष्करांतील जाणत्यांसहि समजत होतें. शहराचें संरक्षण शहराच्या गळ्याभोंवतीं न ठेवतां बंदराच्या तोंडाशीं न्यावें हेंच शहाणपणाचें होतें, आणि पुढें मिडल ग्राउंड, ऑयस्टर रॉक वगैरे समुद्रांतील खडकांवर मोर्चे बांधण्यांत आले. फ्रियर यांचा गुण असा कीं खात्याखात्यांच्या पत्रव्यवहारांत घोळत पडलेलें हें काम त्यांनीं उचललें, तट काढण्यासाठीं एक कमिटी नेमली आणि भिंतीस प्रत्यक्ष कुदळ लावली.

दुसऱ्या प्रश्नाचें, म्हणजे पैशाचें, उत्तरहि त्यांनीं बरें दिलें. मोकळ्या झालेल्या जमिनीचे भाग पाडून ते विकले आणि त्या उत्पन्नाचा स्वतंत्र निधि करून तो सार्वजनिक इमारतींस लावला. सेक्रेटरिएट, हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, तारऑफिस यांची जी ओळ मैदानाच्या कांठीं उभी आहे, तिची आंखणी त्या काळांतली. इमारती पुऱ्या झाल्या तेव्हां फ्रियर हिंदुस्थानांत अधिकारावर नव्हते. पण पाया त्यांचा होता. चर्च गेट जेथें होतें तेथें कारंजें बसलें. आज त्या चौकास हुतात्मा चौक म्हणतात, आणि संयुक्त महाराष्ट्रासाठीं पडलेल्यांचें स्मारक तेथेंच आहे. तथापि लष्करानें सर्वच सोडलें असें नाहीं. जुना किल्ला, गोदी व कुलाबा हीं त्यांच्या हातीं राहिलीं, आणि त्या जागांवर आजहि आरमार व लष्कर यांचाच अंमल आहे.

आतां तिसरा प्रश्न. तट पडला तो ज्या काळांत पडला, तो काळ मुंबईच्या इतिहासांत वेडाचा काळ म्हणून प्रसिद्ध आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्या आमच्या कापसाकडे वळल्या. पांच वर्षांत नेहमींपेक्षां सुमारें आठ कोटि पौंड अधिक शहरांत आले, असा अंदाज त्या काळच्या जाणत्यांनीं केला आहे. १८६४ च्या शिरगणतींत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली. पैसा पुष्कळ, जागा थोडी. म्हणून समुद्र भरून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ च्या आरंभीं मुंबईंत ३१ ब्यांका, १६ सावकारी मंडळ्या आणि ८ जमीन-कंपन्या होत्या. बॅकबे कंपनीचा पांच हजारांचा भाग पन्नास हजारांपर्यंत चढला. ज्या जमिनीवर अजून समुद्राची भरती येत होती, तिच्यासाठीं लोक घरदार गहाण टाकीत होते.

पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे खऱ्या बंदरावर, एल्फिन्स्टन कंपनीचा कारभार होता. रेल्वेस जागा भरून द्यावी आणि त्याच्या मोबदल्यांत भरावाची बाकीची जमीन कंपनीनें घ्यावी, असा तिचा सरकारशीं करार होता. काम चांगलें झालें, यांत शंका नाहीं. धक्के बांधले गेले, चिखलाच्या जागीं रस्ते आले. परंतु परिणाम काय झाला? मांडवी-डोंगरीच्या कोळ्यांच्या दारापासून समुद्र दूर गेला, आणि आयात-निर्यातीचा माल जेथें उतरावयाचा तो किनाराच एका खासगी मंडळीच्या मुठींत गेला. तोफांचा पहारा उठला, आणि त्याच्या जागीं भागीदारांचा पहारा बसला. व्यापाऱ्यास दोन्हीं सारखेच. एक जण वाट अडवितो, दुसरा वाटेचा दाम मागतो.

येथें फ्रियर यांचा दोष स्पष्ट सांगितला पाहिजे. शहर वाढलें पाहिजे या उत्साहांत त्यांनीं वाढ आणि सट्टा यांतील अंतर पुरतें ओळखलें नाहीं. बॅकबे कंपनीचे भाग खुद्द मुंबई सरकारनें घ्यावे, असाहि त्यांचा विचार होता. कलकत्त्याच्या सरकारनें तो हाणून पाडला. त्यांच्याच कारकीर्दींत, १८६३ सालीं, बँक ऑफ बॉम्बेचा कायदा बदलून भागांच्या तारणावर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. १८६५ च्या वसंतांत अमेरिकेंतील युद्ध संपल्याची बातमी आली, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ या दिवशीं, वायद्यांच्या फेडीच्या वेळीं, शेंकडों पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंद यांसारखा सट्टेबाजारचा राजा खालीं आला. डॉक्टर भाऊ दाजी यांसारख्या विद्वान व परोपकारी गृहस्थाचेंहि दिवाळें निघालें. पुढें बँक ऑफ बॉम्बेहि बुडाली. १८६८ सालीं चौकशीसाठीं कमिशन बसलें, आणि बँकेवर देखरेख ठेवण्यांत मुंबई सरकार कमी पडलें असा ठपका फ्रियर यांच्या कारभारावर आला. ते १८६७ सालींच विलायतेस गेले होते.

त्यांच्या मागें जें घडलें तेंच या चरित्राचें तात्पर्य आहे. किनारा खासगी हातीं राहिला तर सर्व व्यापार ओलीस राहील, हें सरकारास आतां कळून चुकलें. १८६९-७० च्या सुमारास सरकारनें एल्फिन्स्टन कंपनीची मिळकत पैसे मोजून परत घेतली. १८७३ सालीं कायदा होऊन पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. कर्नल बॅलार्ड हे तिचे पहिले अध्यक्ष. बॅलार्ड इस्टेट हें नांव त्यांचेंच. १८७५ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईस आले, त्यांनीं प्रिन्सेस डॉकचा पाया घातला, आणि त्यांच्या मंडळींत खुद्द फ्रियर हे होते. १८८० सालीं ती गोदी खुली झाली. १८८८ सालीं व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ सालीं अलेक्झांड्रा डॉक, ज्यास आतां इंदिरा डॉक म्हणतात, तयार झाले. जें काम कंपनीच्या भागीदारांकडून मक्तेदारीखेरीज होईना, तें सार्वजनिक मंडळाकडून सचोटीच्या हिशेबानें झालें. मात्र या मंडळांतहि देशी व्यापाऱ्यांचा आवाज सहज शिरला नाहीं. त्यांची इंडियन मर्चंट्स चेंबर ही संस्था निघाली तीच १९०७ सालीं. म्हणजे बंदराच्या कारभारांत आपला प्रतिनिधि मागण्यासाठीं संघटित होण्यासच आम्हांस एक पिढी लागली.

फ्रियर यांच्या उरलेल्या आयुष्याची हकीकत थोडक्यांत सांगतों. १८७२ सालीं गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या कामीं त्यांस जंगबारला पाठविलें. सुलतान प्रथम तयार होईना. पण पुढच्या वर्षीं तह झाला आणि जंगबारचा गुलामांचा बाजार बंद पडला. हें कृत्य त्यांच्या नांवास भूषण आहे. १८७७ सालीं ते दक्षिण आफ्रिकेचे हाय कमिशनर झाले. तेथें विलायतेच्या सरकारची संमति न पाहतां त्यांनीं झुलूंच्या राजास असा निर्वाणीचा खलिता पाठविला कीं तो कोणत्याहि स्वाभिमानी राजास मान्य होण्यासारखा नव्हता. जानेवारी १८७९ मध्यें युद्ध सुरू झालें, इसांडल्वाना येथें इंग्रज फौजेची कत्तल उडाली, आणि शेवटीं झुलूंचें राज्य बुडालें. साताऱ्याचें राज्य वांचवा म्हणून लिहिणारा तरुण रेसिडेंट म्हातारपणीं दुसऱ्याचें राज्य बुडवावयास निघाला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. १८८० सालीं त्यांस परत बोलाविण्यांत आलें. २९ मे १८८४ रोजीं लंडनजवळ त्यांचें देहावसान झालें.

या सर्व आयुष्यांत एकच सूत्र दिसतें. जागेवर असलेल्या अधिकाऱ्यानें वरच्या हुकुमाची वाट न पाहतां कार्य उरकावें, ही त्यांची श्रद्धा होती. कार्य चांगलें असलें म्हणजे या श्रद्धेनें तट पडतो व बंदर उघडतें. कार्य वाईट असलें म्हणजे याच श्रद्धेनें निरपराध प्रजेवर युद्ध येतें. आणि कार्य चांगलें असूनहि त्याच्यावर लोकांची नजर नसली, तर त्याचें फळ सट्टेवाल्यांच्या पदरीं पडतें. एका कर्तबगार माणसावर सर्व सोंपवून स्वस्थ बसणें हें शहराच्या हिताचें नाहीं, हेंच या तिन्हींवरून निघतें.

ही जुनी गोष्ट आज उकरून काढण्याचें कारण आहे. १९८९ सालीं न्हावाशेवा येथें नवें बंदर सुरू झाल्यापासून मुंबईच्या जुन्या गोद्यांचें पुष्कळसें काम तिकडे गेलें. २०२१ च्या कायद्यानें पोर्ट ट्रस्ट हें नांव जाऊन पोर्ट अथॉरिटी हें नांव आलें. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतच्या पूर्व किनाऱ्यावर या संस्थेची शेंकडों एकर जमीन आहे, आणि तिचें पुढें काय करावें याची चर्चा कित्येक वर्षें चालली आहे. दीडशें वर्षांपूर्वीं लष्कर ज्या जागीं होतें, त्या जागीं आतां बंदर-खातें आहे. जमीन त्याच्या हातीं, काम थोडें, आणि शहर मात्र बाहेर दाटीवाटीनें उभें. तेव्हां तेच तीन प्रश्न पुन्हां आले आहेत.

आमचें म्हणणें साधें आहे. बंदरास व देशाच्या संरक्षणास जेवढी जागा खरोखर लागते, तेवढी खुशाल राखावी. त्याबद्दल कोणी तक्रार करणार नाहीं. उरलेली सोडावयाची, तर ती कोणास, किती मुदतीनें व कोणत्या दरानें देणार, हें आधीं प्रसिद्ध करावें. पैसा आला तर त्याचा निधि वेगळा ठेवून त्याचा हिशेब दरसाल लोकांपुढें मांडावा. किनाऱ्याची कड कोणाच्याहि खासगी मालकीची होऊं देऊं नये. ती एकदां गेली म्हणजे परत घेण्यास किती भुर्दंड पडतो, हें एल्फिन्स्टन कंपनीच्या प्रकरणांत दिसलेंच आहे. आणि जे तेथें राबले व राहिले, ते कोळी, गोदी-कामगार व वखारवाले, यांस विचारल्यावांचून आराखड्यावर शेवटची सही होऊं नये.

गोद्यांच्या बाजूनें जो मोठा रस्ता जातो, त्याचें नांव पूर्वीं फ्रियर रोड होतें. आतां तो गोदी-कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांच्या नांवानें ओळखला जातो. पाटी बदलली हें योग्यच झालें. पण त्या रस्त्याच्या पलीकडील जमीन कोणाच्या उपयोगी पडणार, हें पाटीवरून ठरत नसतें. तें शहरवासीयांनीं विचारल्यानें ठरतें. तट पडला तेव्हां आमचे आजे-पणजे भागांचे भाव विचारीत बसले आणि जमिनीचा हिशेब विचारावयाचें राहिलें. आम्हीं तरी तो वेळेवर विचारावा.